'रिकॉम्बिनंट ह्युमन एन्झाइम'ला मराठीत काय म्हणावं?

फोंडा: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहितोय. भाचीने तिच्या लॅबमधून रिकामी कुपी आणून दिली, करंगळीच्या पेराएवढी. लेबलावर 'ह्युमन, रिकॉम्बिनंट, ई. कोलाय'. मी 'पुनर्संयोजित मानवी विकर' असं लिहिलं. वडिलांनी वाचून विचारलं, "रक्त कोणाचं काढलं?" आता काय करू?

साखळी: आधी तो रफार काढा. पुनर्जन्म, पुनर्वसन ठीक, पण 'स'च्या आधी विसर्गच राहतो. पुनःसंयोजित.

म्हापसा: रफाराचं राहू द्या, मला विशेषणाचीच जागा खटकते. मी हेच काम करते, म्हणून सांगते. जोडाजोड विकराची होतच नाही, डीएनएची होते. माणसाच्या जनुकाची प्रत प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यात जोडायची, ते कडं ई. कोलाय या जिवाणूत घालायचं. जिवाणू तो मजकूर वाचून विकर, म्हणजे एक प्रथिन, बनवतो. पाककृती माणसाची, चूल जिवाणूची. कोहेन आणि बॉयर यांनी असं जोडलेलं डीएनए जिवाणूत वाढवून दाखवलं ते १९७३ मध्ये. बऱ्याचदा विकराच्या टोकाला सहा हिस्टिडिनची (हे एक अमिनो आम्ल) शेपटी लावलेली असते. पेशी फोडल्या की त्या मिश्रणातून निकेलचा स्तंभ, म्हणजे निकेल असलेले मणी भरलेली नळी, शेपटी धरून नेमकं तेवढंच ओढून घेतो. आणि 'मानवी'सुद्धा जपून वापरा. आपल्या पेशी काही प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या जोडतात, नेहमीच्या ई. कोलायला ते जमत नाही. हो, 'एक्स्प्रेस्ड'चं (म्हणजे जनुक वाचून पेशीत बनवलेलं) 'व्यक्त केलेले' मात्र करू नका, जिवाणूने मन मोकळं केल्यासारखं वाटतं!

पणजी: मुळात 'विकर' ऐकलं की मला विकारच आठवतो. 'एन्झाइम' हा शब्द १८७० च्या दशकात क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीकवरून घडवला, अर्थ 'खमिरातलं'. आपल्याकडे गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायला पिठात माडाची सूर घालायचे, तीच जात. मग 'खमीरक' का नको?

साखळी: पाठ्यपुस्तकात 'विकर' आहे. मुलांच्या मार्कांशी खेळू नका.

फोंडा: फलक बदलला: 'माणसाचे जनुक घालून जिवाणूंत तयार केलेले विकर. फक्त संशोधनासाठी.' लांबला, पण एका ओळीत बसवला. वडिलांनी पुन्हा वाचला. म्हणाले, "मग 'फक्त' तेवढं मोठ्या अक्षरांत काढ, कोणीतरी औषध म्हणून मागेल."