पुरुमेंतात खरी बचत कुठे होते

जुन्या सवयींनी पैसे वाचत नाहीत, फक्त बाईमाणसाचं काम वाढतं, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. पावसाआधीच्या बेगमीला आम्ही गोव्यात पुरुमेंत म्हणतो (शब्द मूळचा पोर्तुगीज). आजी मे महिन्यात उकडे तांदूळ, मिरच्या, चिंच, मिठाच्या पाण्यातली तोरं (कैऱ्या) असं सगळं भरून ठेवायची. मी त्यातलं निवडकच करते.

सोलं (आमसुलं) घरी केली. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, सालं उन्हात घालायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची आणि परत वाळवायची. असं रोज, चांगले आठेक दिवस. गेल्या वर्षी मध्येच मळभ आलं आणि अर्ध्या सोलांना बुरशी लागली. परसात रातांब्याचं झाड नसेल तर या फंदात पडू नका, विकतची सोलं परवडतात.

सुक्या मासळीचं मात्र तसं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी येते आणि भाव हाताबाहेर जातात. मेमध्येच सुकी सुंगटं (कोळंबी) नि बांगडे घेऊन ठेवले की आठवड्यातले दोन-तीन दिवस निभतात. सुंगटं पुन्हा एकदा कडक उन्हात घालून, गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरा. मूठभर सुंगटं, कांदा, ओलं खोबरं, चिंच. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) झाली की आमच्याकडे भाजीचं कुणी विचारतसुद्धा नाही.

वास येतो म्हणून शेजारी कुरकुरतात, ते वेगळं.