मदत हवी आहे : पाचवीच्या मुलांकडून घनवादी फूल कसं काढून घ्यावं?

नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या तासाला क्युबिझम म्हणजे घनवाद घेतेय. नेटवर सगळीकडे एकच युक्ती सापडते: फूल काढा, त्यावर पट्टीने आडव्यातिडव्या रेघा मारा, प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाने भरा. दिसतं छान, पण ती गोधडी झाली. पिकासो आणि ब्राक हे घनवादी चित्रकार एकच वस्तू अनेक बाजूंनी एकाच चित्रात दाखवत होते, ते त्यात कुठेच येत नाही.

म्हणून जास्वंद निवडली. समोरून पाच पाकळ्या, बाजूने बाहेर आलेला लांब तुरा, मागून देठाजवळची हिरवी वाटी. तिन्ही चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढून, कापून, एकत्र चिकटवायची असा बेत आहे. वान ग्रीस या घनवादी चित्रकाराने १९१४ मध्ये वॉलपेपरचे तुकडे चिकटवून फुलं केली होती, तेही दाखवेन.

अडचण अशी की मुलं तुकडे पुन्हा जुळवून अख्खं फूलच करतात! बिघडवायला हातच धजत नाही. काय सांगितलं की जमेल? आणि ऑइल पेस्टलवर फेव्हिकॉल नीट धरत नाही, मग रंग आधी की चिकटवणं आधी? तास जेमतेम पस्तीस मिनिटांचा असतो. कुणी वर्गात करून घेतलं असेल तर प्लीज सांगा.