शब्दचर्चा : ‘गोट अँटि-ह्यूमन एसटी६गॅल१’ मराठीत कसे लिहावे?
(चर्चा करणारे नाशिकचे; नावांऐवजी त्यांच्या भागांची नावे दिली आहेत.)

गंगापूर रोड :
एम.एस्सी. जीवतंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी मराठी कार्यपत्रिका तयार होते आहे. त्यात वापरायच्या अँटिबॉडीच्या कुपीवरचा मजकूर असा : ‘गोट अँटि-ह्यूमन एसटी६गॅल१, पॉलिक्लोनल, फक्त संशोधनासाठी’. पहिल्या मसुद्यात त्याचे ‘मानवी शर्कराबदल-विकरविरोधी शेळी प्रतिपिंड’ झाले आहे आणि ते वाचून कोणालाच काही बोध होत नाही. ‘विरोधी’ बरोबर आहे का? ‘अँटिबॉडी’ ठेवावी की ‘प्रतिपिंड’? विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, नाव कसे फोडावे?

सातपूर :
आधी विकर बघू. ‘शर्कराबदल’ हा शब्द निदान नाशिकमध्ये तरी नको. इथे साखर आणि विकर हे दोन शब्द एकत्र आले की वायनरीतले पेक्टिनेज किंवा फार तर इन्व्हर्टेज डोळ्यांसमोर येते. ती दोन्ही विकरे पाण्याच्या मदतीने साखळी तोडतात, म्हणून त्यांचे ईसी क्रमांक (विकरांच्या वर्गीकरणाचे क्रमांक) ३ ने सुरू होतात. एसटी६गॅल१ चा क्रमांक २.४.३.१. ते काही तोडत नाही, उलट जोडते. सीएमपी या वाहक रेणूला जोडलेले सायॅलिक आम्ल (एक आम्लधर्मी शर्करा) उचलायचे आणि प्रथिनाला लागलेल्या शर्करासाखळीच्या टोकावरच्या गॅलॅक्टोजवर बसवायचे, एवढे त्याचे काम. तेव्हा ‘सायॅलिक आम्ल जोडणारे विकर’ असे सरळ लिहा.

नाव फोडायला सोपे आहे. ‘एसटी’ म्हणजे सायॅलिलट्रान्स्फरेज, ‘६’ म्हणजे गॅलॅक्टोजचा सहावा कार्बन, ‘गॅल’ म्हणजे गॅलॅक्टोज आणि शेवटचा ‘१’ हा घराण्यातला अनुक्रम. यातला एकही अंक गाळू नका. एसटी३गॅल१ तेच आम्ल तिसऱ्या कार्बनवर बसवते. एसटी६गॅलनॅक१ ला गॅलॅक्टोजऐवजी गॅलॅक्टोसामाइनची जात लागते. मागणीपत्रात एक अक्षर चुकले की भलतीच कुपी येते, आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवायची आणि अँटिबॉडीने ओळखायची) तिचाही पट्टा साधारण त्याच उंचीवर दिसू शकतो. त्यामुळे चूक लगेच लक्षातही येत नाही.

कॉलेज रोड :
‘विरोधी’ काढाच. विरोधी म्हटले की विकर बंद पाडणारे औषध वाटते. ही अँटिबॉडी विकराला ओळखते आणि चिकटते. तिच्यामुळे विकराचे काम थांबते की नाही हा वेगळा प्रयोग आहे आणि बहुतेक कुप्यांच्या बाबतीत तो केलेलाच नसतो.

मराठीत खरी अडचण ‘शेळी प्रतिपिंड’ या जोडीची आहे. शेळीच्या शरीरात तयार झालेले, की शेळीच्या प्रथिनाला चिकटणारे? दोन्ही अर्थ निघतात, आणि टेबलावर दोन्ही कुप्या शेजारी ठेवलेल्या असतात! पहिली शेळीत तयार झालेली, मानवी विकर ओळखणारी. दुसरी, म्हणजे दुय्यम, गाढवात तयार झालेली, शेळीची अँटिबॉडी ओळखणारी; तिच्यावर पट्टा दिसावा म्हणून पेरॉक्सिडेज हे विकर लावलेले असते. मराठीतली विभक्ती इथे कामी येते : ‘शेळीत तयार केलेली’ आणि ‘शेळीची अँटिबॉडी ओळखणारी’. समास करून चार अक्षरे वाचवण्यात अर्थ नाही.

‘अँटिबॉडी’ की ‘प्रतिपिंड’? पाठ्यपुस्तकात ‘प्रतिपिंड’ आहे, वर्तमानपत्रांत ‘प्रतिद्रव्य’ही वाचलेले असते, प्रयोगशाळेत सगळे ‘अँटिबॉडी’ म्हणतात. कार्यपत्रिकेत पहिल्या उल्लेखाला ‘प्रतिपिंड म्हणजेच अँटिबॉडी’ लिहून पुढे अँटिबॉडीच ठेवा. मात्र ‘अँटिबॉडी तपासणी’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. पॅथॉलॉजीच्या अहवालामुळे लोकांना त्याचा एकच अर्थ ठाऊक आहे : रक्तात अँटिबॉडी आहे का ते पाहणे. तिथे ती शोधायची वस्तू असते, इथे ती शोधण्याचे साधन आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ ही ओळ ठळक हवी. या कुपीवरून कोणाचे निदान करता येत नाही.

इंदिरानगर :
‘पॉलिक्लोनल’साठी ‘बहुकृत्तकी’ सुचवतो. ‘क्लोन’ला ‘कृत्तक’ हा शब्द आधीपासून आहे.

कॉलेज रोड :
शब्द चांगला आहे, पण कार्यपत्रिकेत घोटाळा करील. ‘कृंतक’ म्हणजे कुरतडणारे प्राणी, उंदीर-खारींचा गण. मोनोक्लोनल अँटिबॉडी बहुधा उंदरापासूनच सुरू होते. ‘एककृत्तकी’ घाईत ‘एककृंतकी’ वाचले गेले तर वाक्याला अर्थ लागतो, पण चुकीचा. अशी चूक पकडणे फार अवघड. ‘मोनोक्लोनल’, ‘पॉलिक्लोनल’ तसेच राहू द्या आणि खाली एका ओळीत खुलासा द्या : पॉलिक्लोनल विकराच्या अनेक ठिकाणांना चिकटते, मोनोक्लोनल एकाच ठिकाणाला.

गंगापूर रोड :
पटले. आता ‘डाइल्यूशन’. जुन्या पत्रिकेत सगळीकडे ‘१:१००० टायटर’ लिहिले आहे.

सातपूर :
टायटर हा शब्द काढा. टायटर हे मूळ सीरमचे मोजमाप आहे : किती पातळ केल्यावरही ते काम करते याची शेवटची पायरी. आपण बाटलीत जे करतो ते विरळीकरण. आणि नुसते ‘१:१०००’ लिहून भागत नाही, कारण मूळ द्रावणाची तीव्रता कुपीगणिक बदलते.

समजा, कुपीत १०० मायक्रोग्रॅम कोरडी भुकटी आहे. तिच्यात अर्धा मिलिलिटर निर्जंतुक पीबीएस (क्षारयुक्त बफर) घातले की ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण होते. पटलासाठी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवे असेल तर १० मिलिलिटर बफरमध्ये ५० मायक्रोलिटर घालावे लागतात, म्हणजे १:२००. जुन्या पत्रिकेतले १:१००० हे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या कुपीसाठी असावे. तेच या कुपीला लावले तर अँटिबॉडी पाचपट कमी पडेल, पट्टा फिका येईल आणि दोष पेशींच्या माथी जाईल. पत्रिकेत तीव्रता आणि विरळीकरण दोन्ही लिहा.

भुकटी विरघळवताना हलवून फेस काढू नका. पाच मिनिटे तशीच राहू द्या, मग कुपी अलगद उलटी-सुलटी करा. नंतर १० ते २० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे २० अंशांवर ठेवा. त्या फ्रीजरला आपोआप बर्फ वितळवण्याची सोय नसावी. तसल्या फ्रीजरचे तापमान चढउतार करते आणि वाटणी न उघडताही खराब होते.

म्हसरूळ :
शब्दांइतकीच महत्त्वाची एक गोष्ट राहते आहे. या विकराच्या पर्यायी नावांत ‘सीडी७५’ अजून दिसते. कार्यपत्रिकेत दोन्ही नावे समानार्थी म्हणून छापू नका.

१९९० मध्ये बी-पेशींवरचा सीडी७५ हा प्रतिजन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो रेणू) म्हणजे हेच विकर, असे प्रसिद्ध झाले होते. १९९२ मध्ये दिसून आले की सीडी७५ ची अँटिबॉडी विकराला चिकटतच नाही. विकराने तयार केलेल्या सायॅलिक आम्लयुक्त साखळीला चिकटते. ज्या पेशीत विकर घातले तिथे साखळीही तयार झाली, म्हणून दोन्ही एकच वाटले. कारागीर आणि त्याने घडवलेली वस्तू यांची ही गल्लत नावात तशीच राहून गेली आहे.

मराठीत ती आणखी पक्की होते, कारण ‘सायॅलिक शर्करेची अँटिबॉडी’ आणि ‘सायॅलिक विकराची अँटिबॉडी’ सारखेच ऐकू येतात. पत्रिकेत दोन वेगळे शब्द ठेवा : ‘विकर’ आणि ‘विकराने जोडलेले सायॅलिक आम्ल’. विकर अँटिबॉडीने दिसते. जोडलेले आम्ल एसएनए या लेक्टिनने (शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) दिसते, जे एल्डरबेरीच्या सालीतून मिळते. विकर गॉल्गी संकुलाच्या आतल्या बाजूला असते, जोडलेले आम्ल मुख्यतः पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. त्यामुळे फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशीची प्रकाशखूण मोजण्याच्या पद्धतीत) पेशीपटलाला छिद्रे न पाडता विकराची अँटिबॉडी टाकली तर जवळजवळ काही दिसत नाही. त्याच पेशी एसएनएने मात्र उजळतात.

दोन्हींतला फरक विद्यार्थ्यांना एकाच प्रयोगात दाखवता येतो. पेशींवर न्यूरामिनिडेज टाकून ३७ अंशांवर तासभर ठेवा. पृष्ठभागावरचे सायॅलिक आम्ल निघून जाते आणि एसएनएची खूण उतरते. विकराची खूण मात्र कायम राहायला हवी. तीही उतरली, तर हातातली अँटिबॉडी विकराला नव्हे, साखळीला चिकटते आहे.

कॉलेज रोड :
एसएनए वापरताना दुधाच्या भुकटीने ब्लॉकिंग (पटलाच्या मोकळ्या जागा आधी झाकणे) करू नका. दुधातल्या प्रथिनांवरही सायॅलिक आम्ल असते, लेक्टिन तिकडेच जाऊन बसते.

आणि शेळीतल्या अँटिबॉडीला दूध दुसऱ्या कारणाने चालत नाही. शेळी आणि गाय यांच्या अँटिबॉडी इतक्या सारख्या आहेत की ‘शेळीची अँटिबॉडी ओळखणारी’ दुय्यम अँटिबॉडी गाईचीही ओळखते. दुधात गाईच्या अँटिबॉडी असतात, साध्या बीएसएतही (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये) थोड्या निघतात. मग पटल सगळीकडे काळपट येते. ब्लॉकिंगला माशाचे जिलेटिन किंवा गाढवाचे सीरम घ्या.

याहून वाईट म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतो त्यातही वासराचे सीरम असते. पेशी नीट धुतल्या नाहीत तर त्यातली अँटिबॉडी नमुन्यात येते, आणि तिची जड साखळी (अँटिबॉडीचा मोठा घटक) ५० किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचे एकक) दिसते. आपले विकर कुठे दिसते? ४०६ अमिनो आम्ले, हिशोबाने साधारण ४७ किलोडाल्टन, वर स्वतःच्या शर्करासाखळ्या. म्हणजे तिथेच. दिसलेला पट्टा विकराचा की वासराच्या सीरमचा हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. पेशी थंड पीबीएसने तीनदा धुवा, आणि एक पट्टी फक्त दुय्यम अँटिबॉडीची ठेवा. तिथेही ५० ला पट्टा आला तर पहिल्या अँटिबॉडीबद्दल काही बोलू नका.

गंगापूर रोड :
पट्टा की पट्टी? मसुद्यात दोन्ही सरमिसळ आहेत.

सातपूर :
‘बँड’ला पट्टा, ‘लेन’ला रांग. वर कॉलेज रोड यांनी ‘पट्टी’ म्हटले ते पटलाच्या कापलेल्या तुकड्याला, तो तिसरा अर्थ. तिघांना तीन शब्द ठेवा.

पत्रिकेत घालायची मापे : प्रत्येक रांगेत २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, १० टक्के जेल, पीव्हीडीएफ पटल आधी मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवलेले, १०० व्होल्टला तासभर ओले ट्रान्स्फर. एप्रिल-मेमध्ये टाकीत बर्फाची थैली हवीच. बफर तापले की प्रवाह वाढतो आणि जेल फुगते. पहिली अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर, ०.१ टक्का ट्वीन-२० असलेल्या बफरने दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्या, दुय्यम एक तास. दुय्यमच्या बफरमध्ये सोडियम अझाइड अजिबात नको, ते पेरॉक्सिडेजला मारते आणि पटल कोरे येते.

होकारी नमुना म्हणून हेप-जी२ या यकृताच्या पेशी घ्या, त्यांत हे विकर भरपूर असते. नकारी नमुना म्हणून त्याच पेशींत एसआयआरएनएने विकराचे उत्पादन दाबून ४८ ते ७२ तासांनी काढलेला अर्क घ्या. ‘पट्टा आला’ यापेक्षा ‘दाबल्यावर पट्टा उतरला’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निष्कर्षात असायला हवे.

म्हसरूळ :
एकाऐवजी दोन पट्टे दिसले तर लगेच ‘अशुद्ध अँटिबॉडी’ लिहू देऊ नका. विकरावरच्या शर्करासाखळ्या सगळ्या रेणूंवर सारख्या नसतात. अर्क एसडीएससह १०० अंशांवर दहा मिनिटे तापवून, एनपी-४० हा सौम्य डिटर्जंट घालून, शर्करासाखळ्या कापणाऱ्या पीएनजेज एफ या विकराबरोबर ३७ अंशांवर तासभर ठेवा. दोन्ही पट्टे खाली सरकून एक झाले तर ते एकाच विकराचे आहेत. एनपी-४० विसरलात तर एसडीएस पीएनजेज एफलाच निकामी करते आणि काहीच सरकत नाही.

गंगापूर रोड :
सगळ्यांचे घेऊन कुपीचा मजकूर असा केला आहे : ‘मानवी एसटी६गॅल१ (सायॅलिक आम्ल जोडणारे विकर) ओळखणारी, शेळीत तयार केलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी. तीव्रता ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पटलासाठी १:२००. दूध वापरू नये. फक्त संशोधनासाठी; निदानासाठी नाही.’

कॉलेज रोड :
छान. फक्त ‘दूध वापरू नये’ऐवजी ‘ब्लॉकिंगला दूध किंवा साधे बीएसए वापरू नये’ लिहा, आणि दुय्यमच्या कुपीवरही तेच चिकटवा. भेसळीची अँटिबॉडी पकडते ती दुय्यमच.