कर्नल अपडेटनंतर एचडीएमआय बंद, बॅटरी दोन तासांत खलास (उबुंटू २४.०४, इंटेल + आरटीएक्स ३०५०)

कोथरूडकर
नमस्कार मंडळी. लॅपटॉपात बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, सोबत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरची डॉट-रन फाइल (स्वतः चालवायचा इन्स्टॉलर) उतरवून टाकलेला. कर्नल (उबुंटू लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन ठीक, पण एचडीएमआयचा मॉनिटर काळा. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ला (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) ड्रायव्हर सापडत नाही. पाच तास पुरणारी बॅटरी दोन तासांत संपते. गुरुवारी वीज बंद असली की कामच थांबतं. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होताना चालू देणारी सोय) सध्या बंद आहे, ते चालू करायचंय. फॉरमॅट मारू का?

कर्नलवाला
फॉरमॅटची अजिबात गरज नाही. तिन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे.

डॉट-रन फाइल टाकताना डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बनवणारी सोय) ‘नाही’ म्हटलं असेल, तर मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हरचा भाग) त्या वेळच्या कर्नलपुरतंच बनतं. नवा कर्नल आला, त्याच्यासाठी मॉड्यूलच नाही. स्क्रीन इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली, म्हणून ती चालते. तुमचं एचडीएमआय बहुधा एनव्हिडियाला जोडलेलं, म्हणून ते बंद. त्यात त्या इन्स्टॉलरने नूवो हा एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हरही ब्लॅकलिस्ट केलेला (लोड होऊ नये म्हणून रोखलेला) असतो. म्हणजे कार्डाला वालीच नाही, त्याला झोपवणारं कुणी नाही, आणि ते बॅटरी खात बसतं.

खात्री करून घ्या: ‘डीकेएमएस स्टेटस’ रिकामं येईल, आणि ‘एलएसपीसीआय -के’मध्ये (उपकरणं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी कमांड) एनव्हिडियाच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल.

आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’. ही पायरी गाळू नका, नाहीतर जुन्या लायब्रऱ्या एपीटीच्या (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) पॅकेजशी भांडतात. मग ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ आणि रीबूट. यात उबुंटूने आधीच सही केलेलं मॉड्यूल येतं, कर्नलबरोबर अपडेट होतं आणि सिक्युअर बूट चालू असतानाही लोड होतं.

हडपसर_लिनक्स
बॅटरीसाठी पुढचं. ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ ही कमांड कार्ड कोणत्या मोडमध्ये आहे ते सांगते; उत्तर ‘ऑन-डिमांड’ (एनव्हिडिया गरजेपुरतंच) असायला हवं. ‘इंटेल’ मोड मोहात पाडतो, पण त्यात एनव्हिडिया कार्ड बंद होतं, म्हणून तुमचं एचडीएमआय पुन्हा जाईल.

कार्ड झोपलंय का, हे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने तपासू नका, ती कमांडच कार्डाला उठवते. सिसएफएसमध्ये (/sys फोल्डरात) त्या पीसीआय डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरातली ‘रनटाइम_स्टेटस’ फाइल वाचा, ‘सस्पेंडेड’ दिसलं पाहिजे. ३०५० अँपिअर पिढीचं, त्यामुळे ही झोपण्याची सोय आपोआप चालू असते. त्याआधीच्या ट्युरिंग पिढीला मात्र ‘एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट=०x०२’ हा पर्याय मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणारी कमांड) फाइलीत स्वतः लिहावा लागतो.

ब्लेंडरसारखं एखादंच काम एनव्हिडियावर हवं असेल, तर आयकॉनवर राइट क्लिक करून डिस्क्रीट (म्हणजे एनव्हिडिया) कार्डावर चालवायचा पर्याय निवडा.

कोथरूडकर
‘डीकेएमएस स्टेटस’ रिकामंच आलं. अनइन्स्टॉल, इन्स्टॉल, रीबूट: मॉनिटर लागला! पण मॉनिटर जोडलेला असताना स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’च राहतं.

हडपसर_लिनक्स
राहणारच, त्या पोर्टला चित्र तेच कार्ड पुरवतंय. वीज नसताना मॉनिटर काढून ठेवा. कायमचा उपाय हवा तर टाइप-सी पोर्ट पाहा. बऱ्याच लॅपटॉपांत तो इंटेलला जोडलेला असतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल मिळेल, पण आधी लॅपटॉपचा पोर्ट डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडचा (टाइप-सीतून चित्र पाठवणारा) आहे का ते स्पेसिफिकेशनमध्ये बघा. नुसत्या चार्जिंगच्या पोर्टातून चित्र येत नाही.

कर्नलवाला
आणखी दोन गोष्टी, पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं, तर काहीही उपटू नका. मागच्या मागे अपडेट होऊन लायब्ररी नवी आणि मेमरीतलं मॉड्यूल जुनं, एवढंच झालेलं असतं, रीबूट करा.

आणि जीटीएक्स १०५० सारखं पास्कल पिढीचं (ट्युरिंगच्या आधीचं) कार्ड असेल, तर नावाच्या शेवटी ‘-ओपन’ असलेलं पॅकेज घेऊ नका. ओपन मॉड्यूल ट्युरिंगपासून पुढेच चालतं. पास्कलसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, तिच्यावरच थांबा.