कार्डाआधी वीजपुरवठा तपासावा

आपण लिहिल्याप्रमाणे, ठाण्यात घरी बांधलेला आपला रास्पबेरी पाय ४ या एकाच बोर्डावरच्या छोट्या संगणकाचा गेम कन्सोल खेळ ऐन रंगात आला की आपोआप रीस्टार्ट होतो, आणि त्यावर बहुतेकांनी मेमरी कार्डावर रेट्रोपाय (जुने खेळ चालवणारी प्रणाली) नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या मते ती घाई करू नये. मेनूत सगळे सुरळीत चालते आणि प्लेस्टेशनचे जड, म्हणून जास्त वीज ओढणारे खेळ लावल्यावरच बोर्ड मान टाकतो, म्हणजे पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायला हवा.

पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण चमकते का, हे पाहावे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेले की ती दिसते. शिवाय टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'vcgencmd get_throttled' ही आज्ञा दिल्यावर शून्याऐवजी 0x50000 आले, तर मधल्या काळात वीज कमी पडून प्रोसेसरचा वेग उतरला होता, असे समजावे. रीस्टार्टनंतर ही नोंद पुसली जाते, म्हणून बोर्ड बंद पडण्याआधीच खेळातून बाहेर येऊन तपासणे महत्त्वाचे.

मोबाइलचा फास्ट चार्जर कितीही वॅटचा असला तरी पायला ५ व्होल्टच मिळतात, आणि बारीक केबलमध्ये त्यातलेही थोडे गळतात. अधिकृत अडॅप्टर मात्र ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो. ठाण्याच्या मे महिन्यात बंद पेटीतल्या प्रोसेसरचे तापमानही पाहावे, कारण ८० अंशांपासून वेग कमी होऊ लागतो.

वारंवार अचानक बंद पडल्याने कार्डावरील फायली बिघडू शकतात. त्यामुळे काहीही बदलण्यापूर्वी रॉम्सच्या (खेळांच्या फायलींच्या) फोल्डरमधील सेव्ह फायलींची प्रत कृपया काढून ठेवावी.