रोज कविता वाचायची, लिहायची. जमवता कसं?

प्रश्न: कवितासंग्रह हातात घेतला की एका बैठकीत संपवते आणि दुसऱ्या दिवशी एक ओळ आठवत नाही. लिहायला बसावं तर वही कोरी. झोपण्याआधीची पंधरा मिनिटं काय ती माझी. त्यात काय करू?

उत्तर १: संग्रह संपवायचा कशाला, कादंबरी आहे का ती? एकच कविता घ्या, मोठ्याने वाचा, मग हाताने उतरवून काढा. कवीने ओळ नेमकी कुठे तोडलीय ते उतरवताना लक्षात येतं. मी एकच कविता आठवडाभर वाचतो. बायको वैतागते, पण तिलाही पाठ होते!

उत्तर २: कोऱ्या वहीवर उपाय म्हणजे बंधन. मोठ्या अभंगाचा साचा घ्या: अक्षरं 6, 6, 6, 4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. बावीस अक्षरांत दिवसभरातली एकच गोष्ट बसवा. बोटांवर मोजताना ‘छान’, ‘सुंदर’ आपोआप गळतात, कारण त्यांना जागाच उरत नाही. जोडाक्षर एकच धरायचं.

उत्तर ३: रोज लिहिलंच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. वाचन मात्र चुकवू नका.

प्रश्नकर्ती: अभंगाचं आज रात्रीच करून बघते. चौथ्या चरणात क्रियापद नाही बसलं तर चालतं का?

उत्तर २: खुशाल.