विषय: मेटाचे फॅक्टचेकर गेले, बरं झालं?

मंडळी,
जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने अमेरिकेतल्या फॅक्टचेकरांना, म्हणजे पोस्टमधले दावे तपासणाऱ्यांना, नारळ द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून आपल्यातले काही जण अजून हळहळतायत. मला नाही वाईट वाटत. चार जणांना पैसे देऊन बसवायचं आणि त्यांना न पटलेलं पुसून टाकायचं, ही सेन्सॉरशिपच. ते एकांगी होते असं मेटाचा प्रमुख झुकरबर्गच म्हणाला. आता पोस्टखाली खुलाशाच्या टिपा वाचकच लिहिणार. लोकशाहीत याहून बरं काय?
– काका (माजी खजिनदार)

---

काका,
पुसत कोण होतं? एएफपी, पॉलिटिफॅक्ट अशा बाहेरच्या संस्था दावा तपासत. पोस्टवर शिक्का मारणं, तिचा प्रसार कमी करणं हे मेटाच्या हातात. आणि पुढाऱ्यांच्या पोस्टी या तपासणीतून पहिल्यापासून वगळलेल्या! एकांगीपणावर भांडायचंच तर इथे भांडा.

टिपांची पद्धत हुशार आहे, हे मान्य. ट्विटरने २०२१ मध्ये ती ‘बर्डवॉच’ नावाने सुरू केली. एरवी ज्यांचं आपसात पटत नाही अशांनी ‘उपयोगी’ म्हटलं तरच टीप सगळ्यांना दिसते, नुसतं बहुमत चालत नाही. पण डोकी भडकलेल्या विषयावर असं एकमत व्हायचं कधी? तोवर पोस्ट गावभर. शिवाय कित्येक टिपांत पुरावा म्हणून दुवा असतो तो फॅक्टचेकरांच्याच लेखाचा. गिरणी बंद करून पीठ कुठून आणणार?

‘मग सरकारनेच ठरवावं’ असं कोणी सुचवण्याआधीच सांगते: केंद्र सरकारबद्दलची बातमी खोटी आहे का हे सरकारच्याच फॅक्टचेक युनिटने ठरवायचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. योग्यच केलं. सरकारबद्दलच्या बातमीला पंच सरकारच कसं चालेल?

मला खरी काळजी व्हॉट्सअ‍ॅपची. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा फोनाफोनांत पसरलेली. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अशा संदेशावर ना टीप लागते ना शिक्का, कारण तो कूटबद्ध असतो, कंपनीलाही वाचता येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. कोणाचं मत तपासावं लागलं नाही, वेग तेवढा कमी केला. मला असे उपाय पटतात.
– तुमची वादावादी करणारी भाची

---

भाचीबाई,
प्रसार कमी केला काय नि पुसलं काय, लिहिणाऱ्याला फरक कळतो का? त्याचं कोणी वाचलंच नाही! पुढाऱ्यांना दिलेली सवलत मात्र मलाही पटत नाही.
आणि ती पाचाची मर्यादा. अगं, अख्खा ग्रुप त्यात एकच चॅट धरला गेला. एका तालुक्याला तेव्हा पाच ग्रुप सहज पुरायचे.
– काका